न आवडलेलें गाणें

यंदाच्या वैशाखांत आमच्या घरीं एक मंगल कार्य झालें. माझ्या कै. धाकट्या बंधूच्या मुलीचें लग्न. घरांत वयानें वडील मीच. त्यामुळें मुहूर्तापासून मांडवापर्यंत प्रत्येक गोष्टीला माझी संमति घेण्याची रीत मुलांनीं अजून पाळली आहे. लग्नपत्रिकेंतील ऱ्हस्वदीर्घ तपासून मी नुकताच मोकळा झालों होतों, तोंच चिरंजीवांनीं आणखी एक कागद पुढें ठेवला. आदल्या संध्याकाळच्या कार्यक्रमांत आणि वरातींत वाजवावयाच्या गाण्यांची ती यादी होती. माझें सारें आयुष्य मुलांच्या वह्या तपासण्यांत गेलेलें. कागद समोर आला कीं तांबडी पेन्सिल आपोआप हातीं येते. सातव्या क्रमांकावर ‘झिंगाट’ होतें. मीं त्यावर काट मारली, समासांत ‘नको’ असें लिहिलें आणि खालीं सही केली.

संध्याकाळीं नवरी मुलगी स्वतः माझ्या खोलींत आली. म्हणाली, “दादाकाका, तें गाणें मीं घातलें होतें. बाबांना फार आवडायचें. परसांत गाडी धुतांना तेंच म्हणत असत. आई म्हणाली, काका नको म्हणाले तर नको. म्हणून मी हट्ट करीत नाहीं. नुसतें कानांवर घालावें म्हणून आलें.” एवढें बोलून तिनें कागद उचलला आणि ती निघून गेली.

तिनें वाद घातला असता तर मला बरें वाटलें असतें. वादांत मी सहसा हरत नाहीं. परंतु ज्या भावाबरोबर मीं सारा संसार एका छपराखालीं केला, त्याला हें गाणें आवडत होतें ही गोष्ट मला त्या दिवशीं प्रथम कळली. त्या रात्रीं झोंप आली नाहीं. जें मनांत आलें तें येथें मांडतों; कदाचित् माझ्यासारख्या आणखी एखाद्या घरांतील वडील माणसाच्या उपयोगीं पडेल.

आमचें मूळ गांव अंबाजोगाईपासून दोन कोसांवर. आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असूं, याज्ञिकी करीत आणि आम्हां दोघां भावांना पहाटे उठवून रूपावली, अमरकोश व रघुवंश पाठ करवीत. योगेश्वरीचें देऊळ, मुकुंदराजांची आणि दासोपंतांची समाधि यांच्या सान्निध्यांत राहणाऱ्या घरांना जो एक अभिमान असतो तो आमच्या घरालाही होता. परभणीचें आकाशवाणी केंद्र ऐकूं येऊं लागलें तेव्हां अण्णांनीं बातम्या, कीर्तन आणि रागदारी ऐकण्यापुरता एक रेडिओ घेतला. मधेंच एखादें सिनेमाचें गाणें लागलें, तर व्रात्य मुलाचा कान पिळावा तसें त्याचें बटण पिळलें जाई.

धाकटा माझ्याहून तीन वर्षांनीं लहान. त्याचा गळा गोड होता. सायंकाळच्या आरतीला त्याचा आवाज वर चढला कीं शेजारच्या बायका हातांतलें काम टाकून दारांत येऊन उभ्या राहत. सन १९६९ च्या पावसाळ्यांत मामांनीं त्याला एक लहानसा ट्रान्झिस्टर आणून दिला. दर बुधवारीं रात्रीं आठ वाजतां तो गोठ्यांत जाऊन गाईच्या दावणीशीं बसे आणि कानाला तें यंत्र लावून रेडिओ सिलोनवरील ‘बिनाका गीतमाला’ ऐके. अमीन सयानी यांचा तो आवाज पावसाच्या आवाजांत मिसळून येई. तीन बुधवार मीं पाहिलें आणि चौथ्या बुधवारीं अण्णांना सांगितलें.

अण्णा मारकुटे नव्हते. ते गोठ्यांत गेले, हात पुढें केला, ट्रान्झिस्टर घेतला आणि देवघरांतील कपाटांत ठेवून कुलूप लावलें. एक शब्द बोलले नाहींत. धाकटा त्या रात्रीं जेवला नाहीं. दुसऱ्या दिवशींच्या आरतीला तो हात जोडून उभा राहिला, परंतु त्याचे ओठ हलले नाहींत. तेथून पुढें तो घरांत कधींही गाइला नाहीं. अण्णांना वाटलें, आवाज फुटण्याचें वय आहे. मला खरें कारण ठाऊक होतें. परंतु मी गप्प राहिलों.

त्याच वर्षीं मी रघुवंशाचा सहावा सर्ग पाठ करीत होतों. स्वयंवरांत इंदुमती अंगदेशाच्या राजाला सोडून पुढें जाते. त्या ठिकाणीं कालिदासानें फार सुंदर निवाडा केला आहे. राजा देखणा नव्हता असें नाहीं, आणि तिला पारख नव्हती असेंही नाहीं. लोकांची रुचिच निरनिराळी असते, असा त्याचा आशय. तो श्लोक मी घडाघड म्हणत असें, अन्वयही बिनचूक सांगत असें. चहाडी करतांना मात्र तो मला आठवला नाहीं. पाठांतर आणि शिक्षण यांतलें अंतर मला पुढें चाळीस वर्षें शिकवूनही कळलें नव्हतें, असें आतां म्हणावें लागतें.

पुढें शिक्षक झाल्यावर वाचनांत आलें, कीं आमच्या गोठ्यांत जें घडलें तें त्याच्या आधीं सतरा वर्षें अवघ्या देशांत घडून गेलें होतें. सन १९५२ मध्यें डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि सन १९६२ पर्यंत त्या जागेवर होते. गृहस्थ विद्वान्, संगीताची खरी कळकळ असलेले. आमच्या अण्णांना शोभतील असे. सिनेमाच्या गाण्यांनीं लोकांची अभिरुचि बिघडते, असें त्यांचें ठाम मत होतें. आकाशवाणीवर त्या गाण्यांचें प्रमाण कमी करण्यांत आलें, गाणीं पारखून घेण्याचें ठरलें आणि सिनेमाचें नांव सांगणें म्हणजे फुकटची जाहिरात म्हणून तें बंद झालें. चित्रपटांचे निर्माते रागावले, त्यांनीं परवानगी काढून घेतली, आणि कांहीं काळ आकाशवाणीवर सिनेमाचें गाणें जवळजवळ ऐकूं येईनासें झालें.

मग लोकांनीं रागदारी ऐकण्यास आरंभ केला काय? तसें झालें नाहीं. सिलोनमध्यें दुसऱ्या महायुद्धांत सैन्यासाठीं उभारलेलें एक बलाढ्य प्रक्षेपण केंद्र होतें. तेथून त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि हिंदुस्थानांतील लक्षावधि लोक दर बुधवारीं समुद्रापलीकडे कान लावून बसूं लागले. एका दांत घासण्याच्या मलमाची ती जाहिरात. पण तिनें सरकारी फर्मानाला हरविलें. शेवटीं ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं आकाशवाणीनें ‘विविध भारती’ सुरू केली आणि दाराबाहेर घालविलेलीं गाणीं स्वतःच्या हातानें घरांत घेतलीं.

येथें केसकरांवर अन्याय करूं नये. सन १९५२ मध्यें सुरू झालेला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि सन १९५४ पासूनचीं आकाशवाणी संगीत संमेलनें हीं त्यांच्याच कारकीर्दींतलीं. संस्थानें गेल्यावर राजाश्रय तुटलेल्या किती गवयांना या नभोवाणीनें आधार दिला! आमच्यासारख्या खेड्यांत, जेथें बैठकीचें गाणें स्वप्नांतही ऐकूं आलें नसतें, तेथें रात्रीं दहा वाजतां थोरथोर गवयांचे आवाज आले ते त्याच धोरणामुळें. ते आवाज अजून माझ्या कानांत आहेत. म्हणजे त्यांनीं जें दिलें तें टिकलें. जें हिरावून घेतलें तें मात्र पांच वर्षांत परत आलें. आमच्या अण्णांचेंही तसेंच झालें. त्यांनीं शिकविलेल्या भूपाळ्या आणि स्तोत्रें आम्हां दोघां भावांना अखेरपर्यंत पाठ राहिलीं. त्यांनीं कुलुपांत घातलेलीं गाणीं धाकटा बस-स्थानकाजवळच्या चहाच्या दुकानांत उभा राहून ऐकत असे.

गीतरामायणाची गोष्टही येथें सांगितली पाहिजे. पुणें आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर दर आठवड्याला एक याप्रमाणें हीं छप्पन्न गीतें प्रसारित झालीं. आमच्या लहानपणीं तीं पुन्हा रेडिओवर लागत तेव्हां अण्णा सोवळ्यानें बसून ऐकत आणि आई रेडिओला हळदकुंकू लावी. एकदां, ट्रान्झिस्टर कुलुपांत गेल्यावर दोनएक महिन्यांनीं, धाकट्यानें सर्वांसमक्ष विचारलें, “अण्णा, माडगूळकर आणि सुधीर फडके हे सिनेमाचींच गाणीं करतात ना?” अण्णा म्हणाले, “उद्धटपणा पुरे.” मलाही तो उद्धटपणाच वाटला. परंतु मुलाचा प्रश्न खरा होता आणि त्याला कोणीं उत्तर दिलें नाहीं.

त्या प्रश्नाचें उत्तर मला फार उशिरा मिळालें आणि तें दोनशें वर्षांपूर्वींच्या सोलापुरांत सांपडलें. पेशवाईच्या अखेरीस तेथें राम जोशी नांवाचा एक शाहीर होऊन गेला. घराणें ब्राह्मणाचें, संस्कृताचा व्यासंग, आणि नाद लागला तो तमाशाचा. त्याचे थोरले बंधु मुद्गल जोशी मोठे कीर्तनकार. कुळाला बट्टा लागला म्हणून त्यांनीं धाकट्याला घराबाहेर काढलें, अशी हकीकत परंपरेनें सांगतात. पुढें याच राम जोशानें मोरोपंतांच्या आर्या कीर्तनांतून गाऊन गांवोगांव पोंचविल्या. ज्याच्या गळ्यानें लावणी रंगली त्याच गळ्यानें आर्याही रंगली. त्याच्या जीवनावर सन १९४७ मध्यें ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट निघाला. त्याचीं गीतें रचणारे ग. दि. माडगूळकर होते. लावणीचा तो साज ज्या लेखणीनें चढविला, तीच आठ वर्षांनंतर गीतरामायण लिहीत होती. अण्णांच्या देवघरांतील गाणें आणि त्यांच्या कपाटांतील कुलूपबंद गाणें एकाच घरचें होतें. हें मी धाकट्याला सांगावयास हवें होतें. तो जिवंत असतांना हें मला ठाऊकही झालें होतें. पण थोरल्या भावाला आपलें चुकल्याचें कबूल करण्यास मुहूर्त लवकर सांपडत नाहीं.

संस्कृताचा आधार घेऊन मी आजवर या गाण्यांना हीन म्हणत आलों. तो आधारही तपासून पाहिला तर डळमळतो. संगीतरत्नाकर हा संगीतशास्त्राचा थोर ग्रंथ. तो तेराव्या शतकांत आमच्याच मराठवाड्यांत, देवगिरीला, यादवांच्या दरबारीं असलेल्या शार्ङ्गदेवानें लिहिला. त्यांत संगीताचे मार्ग आणि देशी असे दोन भेद सांगितले आहेत. मार्ग म्हणजे देवांपुढें गाइलेलें, नियमबद्ध. आणि देशी म्हणजे देशोदेशीं लोकांच्या रुचीप्रमाणें त्यांच्या हृदयाचें रंजन करणारें. लक्षांत घ्यावें कीं, देशी म्हणजे भ्रष्ट असें शास्त्रकारानें म्हटलेलें नाहीं. उलट ग्रंथाचा मोठा भाग त्यानें देशीलाच दिला आहे. आज आपण ज्याला शास्त्रीय म्हणतों तें बहुतेक सगळें कधींकाळीं देशीच होतें.

थोडें मागें पाहिलें तरी हेंच दिसतें. सन १८८० मध्यें अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आलें. त्यानंतर कित्येक वर्षें नाटकाचीं पदें गुणगुणणारा मुलगा घरंदाज माणसांना वाया गेलेला वाटे. आज नाट्यसंगीत आपल्या संस्कृतीचें भूषण आहे. संवादिनी म्हणजे आपली पेटी. तिला आकाशवाणीनें सन १९४० पासून जवळजवळ तीस वर्षें थारा दिला नाहीं, कारण तिच्यांतून श्रुति आणि मींड निघत नाहींत. आमच्या देवळांतील भजन तिच्यावांचून एक दिवसही चाललें नाहीं.

तर मग झिंगाट उत्तम आहे असें मी म्हणूं काय? तसें म्हणवत नाहीं. तें मला त्या रात्रीं आवडलें नाहीं आणि आजही आवडत नाहीं. परंतु माझी तक्रार एक नसून तीन तक्रारींची मोट आहे, हें मला त्या रात्रीं उमगलें. पहिली तक्रार आवाजाची. छाती हादरविणाऱ्या भिंतीएवढ्या कर्ण्यांनीं आमच्या जिल्ह्यांतील वराती असह्य केल्या आहेत. सन २००० च्या नियमांप्रमाणें रात्रीं दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावूं नये असें आहे, आणि निवासी भागांत दिवसाही आवाजाला पंचावन्न डेसिबलची मर्यादा आहे. ही तक्रार खरी आहे. परंतु ती गाण्याविरुद्ध नाहीं. त्याच कर्ण्यांवर रामरक्षा लावली तरी आजारी शेजाऱ्याला तितकाच त्रास होईल. दुसरी तक्रार शब्दांची. जेथें शब्द खरोखर बीभत्स असतील, स्त्रियांचा अपमान करणारे असतील, तेथें वडील माणसानें बोललेंच पाहिजे. पण गाणें नीट ऐकून मग बोललें पाहिजे. मीं झिंगाट आरंभापासून शेवटपर्यंत एकदांही ऐकलें नव्हतें. तिसरी तक्रार एवढीच, कीं तें माझ्या रुचीचें नाहीं. ही तक्रार पहिल्या दोघींच्या पदराआड लपून नीतीचा आव आणते. रुचि माझी, आणि तांबडी पेन्सिल मात्र दुसऱ्याच्या कागदावर!

चिरंजीवांकडून मागून मीं तें गाणें दुसऱ्या दिवशीं दोनदां ऐकलें. ज्या ‘सैराट’ चित्रपटांतलें तें आहे तो सन २०१६ चा. नागराज मंजुळे यांनीं तो बराचसा करमाळा भागांत चित्रित केला. त्याला अजय-अतुल यांनीं संगीत दिलें असून त्याच्या संगीताचा कांहीं भाग अमेरिकेंत मोठ्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाकडून वाजवून घेतला, असें समजलें. गाण्यांत मला आमच्याकडच्या वरातींतला ताशा ऐकूं आला. राग कोणता हें शोधण्याचा नाद मीं सोडला. एक तरुण मुलगा आनंदानें वेडा झाला आहे, एवढाच त्याचा विषय. माझ्या भावाला परसांत गाडी धुतांना असा आनंद होत होता, आणि माझ्या पावलांचा आवाज आला कीं तो थांबत होता.

होय, थांबत होता. त्याच्या खोलींतला रेडिओ मी दारांत आलों कीं बंद होत असे. तो मला मान देतो असें मी समजत असें. चार वर्षांपूर्वीं लातूरच्या एका रुग्णालयांत त्याचे शेवटचे दिवस गेले. एका रात्रीं त्याच्या उशाशीं मी बसलों होतों. “विष्णुसहस्रनाम म्हणूं का?” असें विचारलें. तो म्हणाला, “म्हण दादा, पण आधीं एखादें गाणें लाव.” मीं विचारलें, “कोणतें?” त्याला नांव आठवेना. त्यानें दोन ओळींची चाल गुणगुणली. पन्नास वर्षांनंतर मीं त्याचा गळा ऐकला. आवाज क्षीण झाला होता, पण सूर जागच्या जागीं होता. मला तें गाणें ओळखतां आलें नाहीं. आसपास विचारण्यासारखें कोणी नव्हतें. तो हसला आणि म्हणाला, “राहूं दे, तूं आपलें सहस्रनाम म्हण.” मीं म्हटलें. सकाळ होण्यापूर्वीं तो गेला.

लग्नाच्या चार दिवस आधीं मीं मुलीला हांक मारली, यादी मागितली आणि ‘नको’ हा शब्द खोडून तेथें ‘असूं द्यावें’ असें लिहिलें. दोन अटी घातल्या. कर्णे भाड्यानें आणावयाचे नाहींत, आणि रात्रीं नऊला सगळें बंद. समोरच्या घरांत एक वृद्ध बाई अंथरुणाला खिळून आहेत. मुलांनीं दोन्ही अटी कुरकुर न करतां मान्य केल्या. मनाई करणाऱ्याचें ऐकलें जात नाहीं, पण कारण सांगणाऱ्याचें बहुधा ऐकलें जातें, असा माझा नवा अनुभव आहे.

आदल्या संध्याकाळीं प्रथम मुलींनीं गीतरामायणांतलें एक गीत म्हटलें आणि सातव्या क्रमांकाला तें गाणें लागलें. मी खुर्चीवरून उठलों नाहीं. नाचलों नाहीं, टाळ्याही वाजविल्या नाहींत; वयाला शोभलें नसतें आणि खोटेंही झालें असतें. नुसता बसून राहिलों. भावजय दाराआड उभी राहून डोळ्यांना पदर लावीत होती. नाचतां नाचतां मुलीनें एकदां माझ्याकडे पाहिलें. मीं मान हलविली.

माझ्या वयाच्या वाचकांस एवढेंच सांगणें आहे. घरांतील मुलांना चांगलें गाणें ऐकवावें, पुन्हा पुन्हा ऐकवावें. तें आपलें कर्तव्यच आहे. आपल्याला जें आवडत नाहीं तें आवडत नाहीं असें मोकळेपणानें सांगावें. परंतु आपल्या माणसाला काय आवडतें तें त्याच्याकडून विचारून घ्यावें, आणि तें वेळेवर विचारावें.

सासरीं जाण्यापूर्वीं मुलीनें माझ्या सांगण्यावरून बाबांच्या आवडत्या गाण्यांची एक यादी करून दिली. बावीस गाणीं आहेत. दर बुधवारीं रात्रीं आठ वाजतां त्यांतलें एकेक मी ऐकतों. सगळीं आवडलीं असें म्हणणार नाहीं. पांचसहा बरीं वाटलीं. रुग्णालयांतील ती दोन ओळींची चाल मात्र आजवर ऐकलेल्या गाण्यांत सांपडलेली नाहीं. अजून नऊ गाणीं राहिलीं आहेत.